सजा भोगलेल्याच्या हातचं जेवण

ॲडव्होकेट बशीरोद्दीन काझी यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते बुंदीचा लाडू खात होते. भिलाईच्या सिविक सेंटरमधल्या चष्म्याच्या दुकानाशेजारच्या अरुंद जिन्यानं वर गेलं की त्यांचं ऑफिस लागायचं. समोर खेड्यातली एक म्हातारी बाई बसली होती. तिच्या मुलाला जामीन मिळाला होता, म्हणून तिनं डबा भरून लाडू आणले होते. सर तिला 'दाई', म्हणजे आई, म्हणत छत्तीसगढीत समजावत होते, की जामीन म्हणजे सुटका नव्हे, केस अजून बाकी आहे, पोराला तारखेवर वेळेत पाठव. बोलता बोलता त्यांनी दुसरा लाडू उचलला. म्हातारीला एवढंच कळलं की वकीलसाहेबांना लाडू आवडले, आणि ती समाधानानं उठून गेली.

माझे वडील पोलाद कारखान्यात रेल मिलमध्ये होते. मी नुकतीच एलएलबी झाले होते आणि तेच मला घेऊन आले होते. आमच्या घराण्यातली मी पहिली वकील. बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून घरातून निघालो होतो, तरी वडिलांच्या मनात धास्ती होती. खुर्चीच्या अगदी कडेवर बसून ते म्हणाले, "साहेब, पोरीले वकील बनवा, पन फौजदारी नोको. चोरा-बदमाशाईत तिले बसवू नोका."

सरांनी रुमालानं हात पुसले. "मेश्रामभाऊ, मंग तुमी चुकीच्या जिन्यानं वर आले."

वडील हसले, आणि हसता हसताच त्यांची हरकत गळून पडली. दुसऱ्या दिवसापासून मी सरांची ज्युनिअर झाले. त्यालाही आता खूप वर्षं झाली. आमच्या मराठी वाचक मंडळानं सरांच्या पंचाहत्तरीचा हा अंक काढायचं ठरवलं तेव्हा लेखांच्या यादीत माझं नाव पहिलं घातलं गेलं. तो मान माझ्या लेखणीचा नसून त्यांच्या ऑफिसातल्या ज्युनिअरच्या डुगडुगत्या खुर्चीचा आहे, हे मी जाणून आहे.

मंडळाच्या नव्या सभासदांना दर वेळी एक आश्चर्य वाटतं. काझी वकीलसाहेब इतकं अस्सल वऱ्हाडी कसं बोलतात? सरांचं घराणं अंजनगावचं. कारखाना उभा राहत असताना त्यांचे वडील भिलाईला आले. घरात मराठी आणि उर्दू दोन्ही, शाळा हिंदी, पक्षकार छत्तीसगढी. आजोबा गावचे काझी होते. निकाह लावायचे, वाटण्या करून द्यायचे, भांडणं सोडवायचे. सुटीत अंजनगावला गेलेल्या नातवाला समोर बसवून ते जुन्या शास्त्रातले मुद्दे सांगत. सर म्हणतात की एलएलबी आपण नंतर झालो, वकिली आजोबांनी आधीच शिकवली होती.

ती शिकवण मला पहिल्याच आठवड्यात मिळाली. एका पक्षकाराची फाइल शोधताना मी सहज विचारलं, "सर, त्या सायकलचोराचे कागद कुठे आहेत?"

"सायकलचोर?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "जजसाहेबानं अजून म्हटलं नाही त्याले चोर. तू त्यायच्या पहिले कशी म्हणून राहिली?"

मी ओशाळले. मग त्यांनी मला चहा दिला आणि आजोबांचा पहिला धडा ऐकवला. जिथे शंका आहे तिथे शिक्षा टाळावी. न्याय करणाऱ्याची चूक व्हायचीच असेल, तर ती सोडून देण्यात व्हावी, सजा देण्यात होऊ नये. हे तत्त्व इंग्रजांनी आपल्याकडे आणलं असं मला कॉलेजात वाटत आलं होतं. सरांच्या आजोबांना ते त्यांच्या आजोबांनी शिकवलं होतं.

इस्लाम आणि गुन्हा हे दोन शब्द एकत्र आले की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं, ते म्हणजे तोडलेला हात. बाररूममध्ये ही थट्टा सरांच्या वाट्याला अनेकदा आली. ते चिडले असं मी कधी पाहिलं नाही. ते त्या वकीलमित्रांना शेजारी बसवून घेत आणि अटी सांगू लागत. चोरलेली वस्तू नीट बंदोबस्तात ठेवलेली असली पाहिजे. दारात किल्लीसकट सोडलेली मोपेड त्यात बसत नाही. चोर भुकेला नसला पाहिजे, दुष्काळ नसला पाहिजे, त्या वस्तूत त्याचा काही हिस्सा असण्याची शंकाही नसली पाहिजे, आणि मालकानं न्यायाधीशापर्यंत जाण्याआधी माफ केलं तर बात तिथेच संपते. इतकं ऐकून एकदा एक सहकारी म्हणाले, की काझीसाहेब, मग तुमच्या त्या जुन्या कोर्टात वकिलांची प्रॅक्टिस कशी चालत असेल. सर मनापासून हसले. पण त्याच बैठकीत त्यांनी हेही सांगितलं, की या अटी विसरून नुसती तलवार लक्षात ठेवणारी माणसंही जगात आहेत, त्यांच्याशी माझं भांडण आहे, आणि माझ्यासाठी कायदा एकच, जो या देशाच्या राज्यघटनेखाली चालतो. आजोबांनी कायदा दिला नाही, कायदा हातात कसा धरायचा ते शिकवलं.

सरांचं हे मऊपण दुबळं नव्हे. खोटी साक्ष त्यांच्या लेखी मोठ्यातल्या मोठ्या पापांपैकी. एका वजनदार पक्षकारानं त्यांच्यासमोरच साक्षीदाराला पढवायला सुरुवात केली, तेव्हा सरांनी त्याला चहा पाजला, फाइल बांधून त्याच्या हातात दिली आणि जिन्यापर्यंत पोचवायला गेले. आवाज चढला नाही, त्यामुळे आपल्याला हाकललं आहे हे त्या माणसाला बहुधा रस्त्यावर गेल्यावर कळलं असावं.

दुसऱ्यांच्या घरात डोकावण्याचाही त्यांना मनस्वी तिटकारा. त्यांच्या सेक्टरातल्या लोकांनी एकदा निगराणी समिती काढली. मागच्या ओळीतल्या एका क्वार्टरमध्ये दारू चालते असा संशय होता, आणि खिडकीतून पाळत ठेवायचं ठरलं होतं. अध्यक्षपद सरांना देऊ केलं. सरांनी ते नाकारलं. भिंतीवर चढून दुसऱ्याचं पाप पाहणारा आधी स्वतः पाप करतो, असं आजोबा सांगायचे म्हणे. ते स्वतः संध्याकाळी त्या क्वार्टरची बेल वाजवून आत गेले, चहा मागितला, घरच्या माणसाशी उघड बोलले आणि परत आले. आत काय बोलणं झालं ते त्यांनी कोणालाही सांगितलं नाही, मलाही नाही. झाकलेलं झाकलेलंच ठेवावं, हा त्यांचा नियम.

म्हणूनच आता जी हकीकत मी सांगणार आहे ती लिहिण्याआधी मी दोन माणसांच्या घरी जाऊन परवानगी मागितली. दोघांनीही दिली. त्यांतले एक, धनराज बावणे, म्हणाले, "लिहा ताई, नावासकट लिहा. लोकाईले तं मालूमच आहे. पुढचंही मालूम पडू द्या."

धनराजभाऊ तुमसरकडचे, कुरुदला राहतात. पेशानं आचारी. सावजी मटणाचा त्यांच्या हातचा रस्सा खाल्लेला माणूस भिलाईच्या मराठी वस्तीत ती चव विसरत नाही. लग्न असो, बारसं असो, आधी धनराजभाऊंची तारीख घ्यायची आणि मग मुहूर्त काढायचा, अशी आमच्याकडे गमतीनं बोलण्याची पद्धत होती. हाताला जशी चव होती तसा डोक्यात तापटपणाही होता.

नंदिनी नगरात एका लग्नाचा स्वयंपाक होता. मंडप मोरेश्वर बोकडे यांचा. मोरेश्वरभाऊही कुरुदचेच, मंडप डेकोरेशनच्या धंद्यात मुरलेले. त्या दिवशी वारा सुटला होता. धनराजभाऊंनी भट्टी कनातीच्या आडोशाला लावली. मोरेश्वरभाऊंनी ती हलवायला सांगितलं, कारण ठिणगी उडाली तर कापड पेटेल. धनराजभाऊंनी ऐकलं नाही. शब्दानं शब्द वाढला, आणि धनराजभाऊंनी हातातला लोखंडी झारा मोरेश्वरभाऊंच्या उजव्या कोपरावर हाणला. हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तरी तो हात पुढे कधी नीट वाकला नाही.

केस सरांकडे आली. धनराजभाऊंनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं की मारलं ते मीच. सरांनी त्यांच्यासाठी कोणतीही खोटी गोष्ट रचली नाही. पूर्वीचा गुन्हा नाही, घरात शिकणाऱ्या दोन मुली आहेत, रागाच्या भरात घडलं, एवढंच मांडून शिक्षा कमी व्हावी म्हणून ते झगडले. शिक्षा झाली. धनराजभाऊ जेलमध्ये गेले. त्या काळात सरांच्या पत्नी, आम्ही सगळे ज्यांना भाभी म्हणतो, त्या धनराजभाऊंच्या बायकोला, सुनंदाताईंना, घरी बोलावून शिवणकाम देत राहिल्या. मुलींच्या शाळेत पालक म्हणून सही करायला सर दोनदा गेले. वर्गशिक्षिकेनं नातं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, मुलींचा मोठा काका. शिक्षिकेनं नाव वाचलं, पुन्हा एकदा सरांकडे पाहिलं आणि रजिस्टर पुढे केलं.

सजा पुरी करून धनराजभाऊ परतले, आणि खरी अडचण तेव्हा सुरू झाली. त्यांना कोणी बोलावीना. तोंडावर कोणी काही म्हणत नसे. फक्त लग्नाचा आचारी दुसराच ठरलेला असायचा. आमच्या मंडळाच्या कोजागरीचं दूधसुद्धा दुसऱ्याकडे गेलं. जेलातून आलेल्याच्या हातचं कोण खाईल, असं एक जण म्हणाले आणि बाकीचे गप्प राहिले. धनराजभाऊ एका गोदामात पोती उचलायला जाऊ लागले. घरी मोठी भांडी उलटी घालून ठेवली होती, असं सुनंदाताईंनी भाभींना सांगितलं.

त्याच सुमारास सरांच्या धाकट्या मुलीचं, शबानाचं लग्न ठरलं. वर नागपूरचा. सरांनी घरात जाहीर केलं की जेवण धनराज बनवणार.

घरात खळबळ उडाली. सरांच्या मोठ्या बहीण, ज्यांना सगळे बडी आपा म्हणतात, त्या अंजनगावहून आल्या होत्या. सरांना दटावू शकणारी जगात ती एकच व्यक्ती. मी लग्नपत्रिकांवर नावं लिहायला बसले होते, म्हणून ते बोलणं माझ्या कानांवर पडलं. आचारी हिंदू आहे याची आपांना काही अडचण नव्हती. मटण आपल्याच कसायाकडून येणार होतं. त्यांना खुपत होतं ते जेल. मुलीच्या सासरच्यांना कळलं तर काय म्हणतील, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो खोटा नव्हता.

सर त्यांच्यापुढे खाली सतरंजीवर बसले. "आपा, आजोबा काय सांगत होते? सजा भोगली की मानूस धुतला जाते. मंग त्याले त्याच गुन्ह्याचा टोमणा मारनं म्हणजे सैतानाची मजुरी करनं आहे."

"मले आजोबा शिकवू नको. मी तुह्यापेक्षा मोठी आहे," आपा म्हणाल्या. थोडा वेळ त्यांनी सुपारी कातरली. मग म्हणाल्या, "अन् ज्याचा हात मोडला, तो काय म्हणते?"

आपांनी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सरांनी मला समजावून सांगितलं. त्यांच्या शास्त्रात हक्क दोन तऱ्हेचे आहेत, एक ईश्वराचा आणि एक माणसाचा. ईश्वराचा हक्क चुकवला असेल तर पश्चात्ताप केल्यावर तो माफ करू शकतो. माणसाचा हक्क बुडवला असेल तर ते त्या माणसानंच माफ करावं लागतं, तिथे ईश्वरसुद्धा मध्ये पडत नाही. सरकारची सजा झाली, पण मोरेश्वरभाऊंचं बाकीच होतं. "आपानं मले हरवलं," असं म्हणून त्यांनी धनराजभाऊंना बोलावणं धाडलं.

एका रविवारी सकाळी आम्ही तिघं कुरुदला मोरेश्वरभाऊंच्या गोदामात गेलो. गाद्या, खुर्च्या, रंगीत कापडाचे गठ्ठे आणि मध्ये एका लोखंडी पेटीवर बसलेले मोरेश्वरभाऊ. धनराजभाऊंना दारात पाहताच ते उठून उभे राहिले. सरांना त्यांनी नमस्कार केला, धनराजभाऊंकडे मात्र पाहिलं नाही. सरांनी येण्याचं कारण सरळ सांगितलं. आम्ही काही मिटवायला आलो नाही, केस कधीच संपली आहे. याला तुमची माफी मागायची आहे. द्यायची की नाही हा पूर्णपणे तुमचा अधिकार, नाही म्हणालात तर आम्ही चहा न पिता जाऊ आणि तुमच्याबद्दल एक वाकडा शब्द कुठे बोलणार नाही.

मोरेश्वरभाऊंनी उजव्या हाताची बाही वर केली. कोपरावरचा लांब व्रण दिसला. हात वाकवून दाखवला, तो अर्ध्यातच थांबला. "ह्या हातानं मले तोंडापर्यंत घास नेता येत नाही, वकीलसाहेब. डाव्या हातानं जेवतो. पाहुन्याइत बसलो की शरम वाटते." मग त्यांचा आवाज कडक झाला. "तुमच्या धर्मात तं हाताच्या बदली हात आहे ना? मंग मले तोच न्याय द्या. तुमी काझी आहे, तुमीच सांगा."

धनराजभाऊंनी मान खाली घातली होती. त्यांनी हळूच आपला उजवा हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.

सर शांतपणे म्हणाले, "आहे. बरोबरीचा बदला आहे, अन् तो हक्क तुमचा आहे, माझा नाही, सरकारचाही नाही. पन आमच्या शास्त्रीलोकांनी एक गोष्ट लिहून ठेवली. जखमेचा बदला घेता येते, हाडाचा नाही. कावून, तं मोजून हाड मोडता येत नाही. तुमचं जेवढं मोडलं त्याच्याहून एक केसभर जास्त मोडलं, तं तेवढ्यापुरते तुमी जुलमी झाले. तो जास्तीचा जुलूम कोनाच्या नावावर लिहायचा, मोरेश्वरभाऊ?"

धनराजभाऊंच्या पुढे केलेल्या हाताकडे मोरेश्वरभाऊंनी पहिल्यांदाच पाहिलं. धनराजभाऊ म्हणाले, "भाऊ, तुमी त्या दिवशी बरोबर होते. भट्टी तिथं लावाचीच नोती. मले तेवाच समजलं होतं, पन मानसाईसमोर खाली पाहा लागन म्हणून ऐकलं नाही." एवढं बोलून ते रडू लागले.

मला वाटतं, त्या क्षणाची वाट मोरेश्वरभाऊ इतकी वर्षं पाहत होते. कोर्टानं त्यांना सांगितलं होतं की तुम्हाला मारलं गेलं. तुम्ही बरोबर होतात असं त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. ते पुन्हा पेटीवर बसले. मग त्यांनी सरांना विचारलं, पोरीच्या लग्नाचा मंडप कोणाला दिला आहे.

सर घाईनं म्हणाले की त्यासाठी मी आलो नाही, हा सौदा नव्हे.

"सौदा नाही, मी सांगून राहिलो," मोरेश्वरभाऊ म्हणाले. "मंडप माझा लागन. स्वयंपाक यालेच करू द्या. पन भट्टी मी म्हणन तिथं लागन. अन् माफ केलं असं मी अजून म्हटलं नाही, हे ध्यानात ठेवा."

एवढं झाल्यावर चहा आला. परतताना ऑटोत मी सरांना विचारलं की मोरेश्वरभाऊंनी माफ केलं नाही याचं वाईट वाटतं का. ते म्हणाले, "बेटा, मागितल्याबरोबर भेटली तं ती माफी नसते, शिष्टाचार असते."

लग्नाच्या दिवशी मी सकाळीच पोचले, कारण मला राहवत नव्हतं. मंडप उभा होता. मोरेश्वरभाऊ खुर्चीवर बसून डाव्या हातानं कामगारांना इशारे करत होते. धनराजभाऊ पातेल्यांची गाडी घेऊन आले, खाली उतरले आणि भांड्यांना हात न लावता आधी त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. भट्टी कुठे लावू, असं त्यांनी विचारलं. मोरेश्वरभाऊ उठले. चिमूटभर माती उचलून हवेत सोडली, वारा पाहिला, आणि मंडपापासून इतकी लांब जागा दाखवली की वाढप्यांना प्रत्येक बादलीसाठी मैदान ओलांडून जावं लागलं. धनराजभाऊंनी हूं की चूं केलं नाही. मोरेश्वरभाऊंनी मग ती जागा आणखी चार हात मागे सरकवली. तिथे उभे असलेले सगळे हसले, आणि ते दोघंही हसले.

जेवणाबद्दल काय लिहू? लवंग-मिऱ्याचा तो काळसर लाल रस्सा, त्यावर तरंगणारी तर्री, सोबत भाकरी आणि पुलाव. नागपूरचे वऱ्हाडी, ज्यांना सावजीतलं कळतं असा त्यांचा दावा होता, तेही घाम पुसत वाटी पुढे करत होते. आचारी कोण म्हणून वराच्या वडिलांनी विचारलं, तेव्हा बडी आपांनी स्वतः सांगितलं, "आमच्या घरचाच आहे." मग त्यांनी दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेतला आणि मसाला कसा भाजला ते विचारायला मला मैदानापलीकडे पिटाळलं. धनराजभाऊंनी अर्धाच मसाला सांगितला. तो पूर्ण मसाला ते आजतागायत कोणाला सांगत नाहीत.

पंगती आटोपल्यावर धनराजभाऊंनी एक ताट वाढून मोरेश्वरभाऊंपुढे नेलं. ते मंडपाच्या कडेला एकटेच बसले होते. पाहुण्यांत बसायला त्यांना लाज वाटते हे धनराजभाऊंच्या लक्षात होतं. त्यांनी आपलंही ताट आणलं, शेजारी मांडी घातली आणि डाव्या हातानं जेवायला सुरुवात केली. ते पाहून सरही ताट घेऊन तिथे जाऊन बसले. त्यांच्यात उजव्या हातानंच जेवण्याचा रिवाज आहे, म्हणून ते उजव्या हातानंच जेवले, पण जेवता जेवता इतके किस्से सांगितले की तिघांपैकी कोण कोणत्या हातानं जेवतंय याकडे पाहायला कोणाला सवडच राहिली नाही.

ताट संपल्यावर मोरेश्वरभाऊ सरांना म्हणाले की वकीलसाहेब, मी याला माफ केलं. सर म्हणाले, मला सांगू नका, त्याला सांगा. मोरेश्वरभाऊंनी धनराजभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "धनराज, माफ केलं तुले. मनापासून."

मोरेश्वरभाऊंचा हात त्यामुळे बरा झाला नाही. तो अजूनही अर्ध्यातच अडकतो. पण पुढच्या कोजागरीला आमच्या मंडळानं धनराजभाऊंना बोलावलं, आणि त्यांच्या हातचं कोण खाईल म्हणून विचारणाऱ्या गृहस्थांनी दुधाचे तीन पेले घेतले. आज त्या दोघांना अनेक लग्नांत एकत्रच बोलावतात. भट्टीच्या जागेवरून त्यांची दर वेळी कुरबुर होते आणि दर वेळी मोरेश्वरभाऊ जिंकतात.

ही एकच हकीकत मी इतकी लांबवली, कारण सरांनी जिंकलेल्या केसेसबद्दल या अंकात इतर मान्यवर लिहितीलच. मला त्यांच्या हरलेल्या केसेस महत्त्वाच्या वाटतात. मी स्वतंत्रपणे लढवलेली पहिली मोठी केस हरले. माझ्या पक्षकाराला शिक्षा झाली आणि मी घरी जाऊन खोलीचं दार लावून घेतलं. आईनं फोन करून सरांना कळवलं की पोरगी जेवून नाही राहिली. संध्याकाळी सर आमच्या क्वार्टरवर आले, मला सिविक सेंटरला नेऊन चाट खाऊ घातली, आणि चाट संपेपर्यंत केसचा विषय काढला नाही. मग म्हणाले की पुढच्या आठवड्यात त्या माणसाला भेटायला जेलमध्ये जा. मी विचारलं, आता तिथे माझं काय काम? "जिंकलेला पक्षकार पेढे देऊन निघून जाते," ते म्हणाले. "हरलेला आपला असते. त्याले भेटा लागते." मी गेले. तेव्हापासून जातेच आहे. फौजदारीला घाबरणारे माझे वडील निवृत्तीनंतर जेलमधल्या वाचनालयासाठी जुनी मराठी-हिंदी पुस्तकं गोळा करू लागले, आणि त्याचं श्रेय ते कधी मला देतात, कधी सरांना, मूड असेल तसं.

सरांनी आता रोज दुर्गच्या कोर्टात जाणं सोडलं आहे. कोणी जेलमधून सुटणार असल्याचा निरोप आला की मात्र त्याला जेलच्या दारात घ्यायला जाण्यासाठी ते भाभींना न सांगता ऑटो बोलावतात, आणि भाभी त्यांना न सांगता मला फोन करतात. गुडघा दुखतो, साखर वाढलेली असते, आणि खिशात हटकून एखादा पेढा सापडतो. या बाबतीत पुरावा भक्कम आहे आणि शंकेचा फायदा द्यायला भाभी तयार नाहीत.

सर, तुमची पंचाहत्तरी आम्ही साजरी करतो आहोत ती तुम्हाला निरोप द्यायला नव्हे. तुमची साखर ताळ्यावर राहो, गुडघ्यानं जिने चढू द्यावेत, भाभींची आणि तुमची जोडी याच भिलाईत हसतखेळत नांदो, आणि शबानाच्या लेकरांच्या लग्नांत तुम्ही पहिल्या पंगतीला बसा. जेलच्या दारातून बाहेर पडून इकडेतिकडे पाहणारा माणूस या जगात असेपर्यंत त्याच्याकडे चालत येणारे तुम्ही असा. तुम्हाला उशीर झाला, तर तुमच्या हाताखाली घडलेल्यांपैकी कोणीतरी तिथे आधीच पोचलेलं असेल, हा शब्द आम्ही सगळे ज्युनिअर तुम्हाला आज देतो.